मेंदूचा फोटो जपून ठेवा

जेवून उठलेल्या सासूबाई शेजारी जाऊन सांगतात, "सून जेवायला देत नाही." गावात सुनेची बदनामी होते. आम्ही म्हणतो, आधी डॉक्टरांना दाखवा. हा स्मृतिभ्रंश असू शकतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या १०० जणांत ७ जणांना तो असतो. बायकांत आणि खेड्यांत जास्त.

आधी रक्त तपासतात. थायरॉईडचा त्रास किंवा बी-१२ ची कमतरता असली तरी विसर पडतो, आणि तो औषधाने सुधारू शकतो. मग कराडला किंवा मिरजेला एमआरआय. रिपोर्टात ‘मेंदूची झीज’ वाचून घाबरू नका. म्हातारपणी मेंदू सगळ्यांचाच थोडा आकसतो. अल्झायमरमध्ये मात्र आठवणी सांभाळणारा हिप्पोकॅम्पस हा भाग वर्षाला साधारण ३ ते ५ टक्के आकसतो. हा वेग एका फोटोत कळत नाही. काही महिन्यांनी दुसरा काढून ताडून पाहावा लागतो.

ही झीज तसूभरही नसते. त्यामुळे मशीन बदललं, डोकं हललं, अंगातलं पाणी कमी झालं, तरी माप चुकतं. म्हणून डॉक्टरांनी पुन्हा फोटो सांगितला, तर जमल्यास त्याच मशीनवर काढा. जुनी सीडी आणि रिपोर्ट सोबत न्या.

आणि निदान झालं, की शेजारीपाजारी मोकळेपणाने सांगा. सासूबाई खोटं बोलत नाहीत, आणि सूनही त्यांना उपाशी ठेवत नाही.