रस्ता गावाला, की वस्तीला?



आपण परदेशी स्थिरावलो, तरी आपल्यापैकी अनेकांचे आप्त आजही लहान खेड्यांतच राहतात. तेथवर पक्का रस्ता पोहोचेल की नाही, हे पुष्कळदा तेथील शिरगणतीवर ठरते. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने सपाट प्रदेशात ५००, तर डोंगराळ भागात २५० लोकसंख्येची अट घातली. २०२४ साली मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यातही सर्वसाधारणपणे हीच अट असून, आधार २०११ च्या जनगणनेचा आहे.

या योजनेत महसुली गाव नव्हे, तर वस्ती हा घटक धरला आहे, ही जमेची बाजू होय. परंतु सपाट प्रदेशात बारमाही रस्त्यापासून ५०० मीटरच्या आतील वस्ती जोडलेलीच समजली जाते. गावकुसाबाहेरची आपली वस्ती अनेक ठिकाणी नेमकी याच अंतरात येते. कागदावर ती जोडलेली असते. पावसाळ्यात मात्र आजाऱ्याला चिखलातून बाजेवर न्यावे लागते.

पुढील जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. परदेशस्थ आपण त्या गणतीत नसू. म्हणूनच वस्तीतील एकही घर नोंदीवाचून राहू नये, हे गावच्या आप्तांना आपण आवर्जून सांगू या. उरलेल्या त्या वाटेचा ठराव त्यांनी ग्रामसभेत मांडावा. विहारासाठी आपण वर्गणी पाठवतो, ती पाठवूच; पण रस्ता हा वर्गणीचा नव्हे, नागरिकत्वाच्या हक्काचा विषय आहे.

जय भीम!