द्राक्षे आणि हृदयविकाराची गोळी



गेल्या हंगामात आपल्यातील एक वडीलधारे गृहस्थ माझ्याकडे आले. हृदयविकाराचा एक झटका येऊन गेलेला. रोज ॲटोर्व्हास्टॅटिनची गोळी घ्यावयाची. सहज विचारले, तर म्हणाले, "डॉक्टर, द्राक्षे सुरू झाली ना, म्हणून तीन आठवडे गोळी बंद ठेवली आहे." मी चकित झालो. या गोळीबरोबर 'ग्रेपफ्रूट' वर्ज्य, असे त्यांच्या नातवाने कोठेसे वाचले होते. आणि निफाडला मळा असलेल्या घरात 'ग्रेप' म्हटल्यावर दुसरे काय आठवणार?

वस्तुतः ग्रेपफ्रूट हे लिंबू-संत्र्याच्या कुळातील फळ, आपल्या पपनसाचे आप्त. त्याच्या रसाने आतड्यातील एक विकर मंदावते आणि ॲटोर्व्हास्टॅटिन किंवा सिम्व्हास्टॅटिन रक्तात वाजवीपेक्षा अधिक उतरते. पपनसाच्या बाबतीतही जपूनच असावे. रोझुव्हास्टॅटिनला ही बाधा जवळजवळ नाही. द्राक्षांचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही. मधुमेह्यांनी साखरेपुरता हात आखडता घ्यावा, इतकेच.

पेनिसिलिनप्रमाणे हे औषधही बुरशीचेच देणे आहे. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांना १९७३ च्या सुमारास पेनिसिलियमच्याच एका जातीत या वर्गातील पहिले द्रव्य सापडले. १९८७ साली लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. आपले यकृत स्वतः कोलेस्टेरॉल निर्माण करते. स्टॅटिन ती वाट अडविते. मग यकृत आपली गरज भागविण्यास रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल ओढून घेते. म्हणजेच अहवाल चांगला येतो तो गोळी चालू असते म्हणून. "आता सर्व ठीक आहे" असे म्हणून ती सोडली की काही आठवड्यांत आकडा पूर्वपदावर येतो. ज्यांना झटका येऊन गेला आहे, त्यांच्यासाठी हा खेळ जिवावरचा आहे.

मग धोका मुळीच नाही काय? आहे, परंतु तो भलतीकडेच असतो. नायट्यासाठी दुकानातून परस्पर आणलेली इट्राकोनाझोलची कॅप्सूल, घसादुखीवरील क्लॅरिथ्रोमायसिन, यांची काही स्टॅटिनांशी गाठ पडली तर स्नायूंचा नाश होऊन मूत्रपिंडांस इजा पोहोचू शकते. असे क्वचित घडते. पण अंग असह्य दुखू लागले, लघवी काळ्या चहासारखी झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. साध्या अंगदुखीचा दोष मात्र लगेच गोळीवर टाकू नये. बनावट गोळी देऊन केलेल्या तुलनात्मक परीक्षांत तशी तक्रार जवळजवळ तितक्याच लोकांनी केलेली आढळते! यकृताची तपासणी आरंभी करून घ्यावी. रक्तशर्करा किंचित वाढू शकते, ती पाहत राहावी. गरोदर राहू इच्छिणाऱ्या भगिनींनी आधी डॉक्टरांशी बोलावे. आणि औषधे घेण्यास दुकानात जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी खिशात असू द्यावी.

त्या गृहस्थांची गोळी त्याच रात्री पुन्हा सुरू झाली. आठवड्याने द्राक्षांची एक पेटी माझ्या दारी पोहोचली, सोबत चिठ्ठी होती, "निर्धास्त खावीत."