मागची बाकी कुठे मुरते?

आज थोडं हिशोबाचं बोलू या. बचत गटाची वही लिहिणारीला हा हिशोब मुळीच जड नाही.

गटात एखादीचे चार हप्ते राहिले, तर आपण थकबाकी म्हणतो. सरकारी कागदात असाच एक शब्द आहे, 'अनुशेष'. फरक एवढाच, की ही बाकी आपण द्यायची नाही, ती आपल्याला यायची आहे. रस्ते, पाणी, दवाखाने, शाळा यांत जे जिल्हे राज्याच्या मागे राहिले, त्यांचं हे येणं.

ही गोष्ट जुनी आहे. १९५३ साली नागपूर करार झाला. विदर्भ आणि मराठवाडा नव्या राज्यात येणार, तर लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च होईल आणि मराठवाड्याकडे विशेष लक्ष दिलं जाईल, असं त्यात ठरलं. १९६० साली महाराष्ट्र झाला. पण सिंचन एकीकडे वाढलं, कारखाने एकीकडे उभे राहिले. ओरड वाढली, तेव्हा १९८३ साली अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांची समिती नेमली गेली. तिने सरळ हिशोब मांडला. राज्याची सरासरी काढायची, आणि जो जिल्हा सरासरीच्या खाली आहे त्याला तिथवर आणायला किती पैसा लागेल ते मोजायचं. १९८४ साली आकडा निघाला ३,१८६ कोटी ७८ लाख रुपये. त्यात सर्वांत मोठी बाकी होती सिंचनाची.

मग पैसे आले, कामं झाली. १९९४ साली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळं आली. त्याच वर्षाच्या स्थितीवर दुसऱ्या समितीने पुन्हा हिशोब केला, तर बाकी निघाली सुमारे १४ हजार कोटी! दहा वर्षं हप्ते भरले आणि कर्ज चौपट झालं, असं का झालं?

एक कारण महागाई. तेच काम करायला जास्त पैसा लागतो. दुसरं असं, की आपण चालायला लागलो म्हणून पुढचा वाटेत थांबत नाही. आपल्याकडे दोन रस्ते होतात, तोवर पुढारलेल्या जिल्ह्यात चार झालेले असतात. सरासरी वर सरकते आणि आपण पुन्हा खालीच.

तिसरं कारण मला माझ्या गावात दिसलं. मी हिंगोली जिल्ह्यातली. आमच्या शेजारच्या गावात आरोग्य उपकेंद्राची इमारत बांधली. रंग दिला, पाटी लावली. कागदावर बाकी फिटली. पण दोन वर्षं तिथे नर्सबाई राहायला आली नाही, कारण नळाला पाणी नव्हतं. माझ्या भाचीचं बाळंतपण पावसात, जीपमध्ये, वाटेतच झालं. मायलेकरं वाचली, हे आमचं नशीब. आता सांगा, ती बाकी फिटली का? गटाच्या वहीत 'शेळीसाठी कर्ज दिलं' असं लिहिलं, म्हणून गोठ्यात शेळी आहेच असं नसतं. जाऊन बघावं लागतं.

आणखी एक गोम आहे. जिल्ह्याची सरासरी फसवी असते. जिल्ह्याचं गाव सुधारलं, की डोंगरातल्या तालुक्याचं मागासलेपण त्या आकड्यात झाकून जातं. म्हणून २०११ साली नेमलेल्या विजय केळकर समितीला जिल्ह्याऐवजी तालुका धरून विचार करायला सांगितलं गेलं.

मग या धोरणाने काहीच झालं नाही का? असं म्हणणं खोटं ठरेल. मानव विकास कार्यक्रमाचं बघा. २००६ साली तो १२ जिल्ह्यांत सुरू झाला, पुढे २२ जिल्ह्यांतल्या १२५ मागास तालुक्यांत गेला. त्यातून मुलींना शाळेसाठी फुकट एसटी मिळाली, सायकली मिळाल्या, गरोदर बायांची तपासणी शिबिरं झाली, गरीब घरच्या बाळंतिणीला बुडीत मजुरी मिळाली. यात पैसा कुठल्या लेकीसाठी, कुठल्या बाईसाठी, हे आधीच ठरलेलं होतं. म्हणून तो पोहोचलेला डोळ्याला दिसला.

तरी इथेही लक्ष ठेवावं लागतं. आमच्या गावाला मुलींची बस यायची, पण शाळेची घंटा झाल्यावर पाऊण तासाने. पहिला तास रोजच बुडायचा. घरचे म्हणायला लागले, 'रोज उशीर, मग शाळा कशाला?' दोघी मुलींच्या लग्नाची बोलणी सुरू झाली. आमच्या गटातल्या बाया महिला सभेत उठल्या, ग्रामसभेत ठराव घेतला, मुख्याध्यापकांचं पत्र जोडलं आणि आगारात अर्ज दिला. तीन वेळा हेलपाटे घातले. महिनाभराने बस वेळेवर आली. सरकारचा एक रुपयाही जास्त लागला नाही. त्या दोघींपैकी एक आता नर्सिंग शिकते आहे. दुसरीचं लग्न मात्र आम्ही थांबवू शकलो नाही. ते मनाला लागून आहे.

मराठवाड्याचं आणि विदर्भाचं दरडोई उत्पन्न आजही राज्याच्या सरासरीखाली आहे. ही दरी तुमच्या-माझ्या एका अर्जाने बुजणार नाही. सिंचन, कारखाने, नोकऱ्या हे सरकारचंच काम आहे आणि ते आपण मागतच राहायचं. पण आलेला पैसा गावात कुठे मुरतो, हे आपल्याइतकं जवळून कोण बघणार?

म्हणून पुढच्या ग्रामसभेआधी आपली महिला सभा भरवा. ती आपल्या हक्काची आहे. गावाच्या विकास आराखड्याचा कागद मागून घ्या आणि प्रत्येक कामापुढे तीन प्रश्न विचारा. काम झालं का? ते चालू आहे का? त्याचा उपयोग कुणाला होतो? उत्तरं गटाच्या वहीत, तारीख घालून लिहा.

आपली बाकी आपणच मांडून ठेवली, तर 'फिटली' असं दुसऱ्या कुणाला परस्पर लिहिता येणार नाही.