जुन्या स्पीकरची जोडी घ्यावी काय?



न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचविण्याचे काम वक्त्याच्या छातीलाच करावे लागे. आज ते काम समोरच्या खांबावर बांधलेला भोंगा करीत आहे. त्याचे आभार मानून आम्ही त्याच्याच एका घरगुती भावंडाविषयी बोलणार आहोत. दिवाणखान्यात, कपाटाच्या दोन बाजूंना, लाकडी पेटीत बसून गाणे ऐकविणारी जी स्टीरिओ स्पीकरची जोडी असते, ती जुनी, दुसऱ्याच्या घरात वाजलेली, अशी विकत घ्यावी की न घ्यावी, एवढाच आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न मूठभर शौकिनांचा आहे, असे कोणी म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, ह्या आपल्या गावांतून ज्या घरी एके काळी रेकॉर्ड प्लेअर किंवा टेपडेक होता, त्या घरच्या माळ्यावर अशी एखादी जोडी अजून पडलेली सापडते. वडील माणूस जाते, वाटण्या होतात, मुले पुण्या-मुंबईला राहतात, आणि मग ती जोडी खाली उतरते. तेव्हा एकाला ती घ्यावी काय हे ठरवायचे असते, आणि दुसऱ्याला ती द्यावी काय हे.

ह्या व्यवहारात आम्ही दोन चुका केल्या आहेत. त्या सांगितल्याशिवाय पुढे बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही.

पहिली चूक विकण्याची. आमच्या वडिलांनी पगारातून हप्ते फेडून एक देशी जोडी घेतली होती. रविवारी सकाळी ती वाजू लागली म्हणजे आळीतली दोन-चार मंडळी ओट्यावर येऊन बसत. वडिलांच्या मागे काही वर्षांनी तिचा आवाज फाटला. आम्ही पुढची जाळी काढून पाहिली, तो कागदी पडद्याभोवतीची स्पंजाची कड काकवीसारखी चिकट झालेली. बोट लावले की तुकडे हाती येत. मेली, असे आम्ही ठरविले आणि ती भंगारवाल्याच्या काट्यावर चढविली. पुढे एका कारागिराने आम्हाला सांगितले, “अहो, तिला काही झाले नव्हते. कड तेवढी गेली होती.”

दुसरी चूक घेण्याची. हळहळ भरून काढावी म्हणून आम्ही नागपूरला गेलो आणि एका दुकानातून विलायती नावाची, आरशासारखे पॉलिश केलेली जोडी आठ हजारांना उचलून आणली. घरी लावली, तो डावीकडचा आवाज उजळ आणि उजवीकडचा मंद. खोलून पाहता एका पेटीतला लहान स्पीकर भलत्याच बनावटीचा निघाला. दुकानदार म्हणाला, “जुना माल जसा आहे तसा.” त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. कापसाची पारख करणारा माणूस गाठीवरचे कापड पाहत नाही. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत ओढून धागा पाहतो. ह्या जिल्ह्यात जन्म काढूनही आम्ही कापड पाहिले, धागा पाहिला नाही.

आता हा धागा कोणता, ते पाहू. अमेरिकेत राइस आणि केलॉग ह्या दोघांनी १९२५ साली ज्या रचनेचा स्पीकर जगापुढे मांडला, तीच रचना थोड्या फरकाने आजही चालू आहे. एक लोहचुंबक; त्याच्या फटीत पातळ तारेचे वेटोळे; वेटोळ्याला चिकटवलेला कागदाचा शंकू; आणि शंकूला बाहेरून तोलून धरणारी लवचिक कड. तारेतून गाण्याचा विद्युत्प्रवाह गेला की वेटोळे मागेपुढे हलते, शंकू हवा हलवितो, आणि आपल्याला गाणे ऐकू येते. भोवतालची पेटी शोभेची नव्हे. शंकूच्या मागची हवा पुढच्या हवेत मिसळून जाड आवाज मारून टाकू नये, म्हणून ती असते. हिच्या आकारमानाचा हिशेब मांडण्याची सोयीची रीत ऑस्ट्रेलियातील थील ह्यांनी १९६१ साली प्रसिद्ध केली, आणि त्यांच्यामागून स्मॉल ह्यांनी ती पुढे नेली. त्या आधीही उत्तम पेट्या झाल्या, पण कानाने आणि अनुभवाने.

ह्यांपैकी म्हातारे काय होते? लोहचुंबक सहसा होत नाही. कोरडे, सडके नसलेले लाकूड होत नाही. कागद बराच टिकतो, मात्र त्याला कसर लागू नये. कापडाची कड पिढ्यान्‌पिढ्या टिकते, रबराचीही पुष्कळ वर्षे. स्पंजाची कड मात्र पंधरा-वीस वर्षांत आपोआप विरते, मग स्पीकर वाजवा की कापडात गुंडाळून ठेवा. हवेतला ओलावा आणि ऊन हे तिचे वैरी; आणि आमच्याकडे वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या घरात आणि आषाढात भिंतींना ओल! पेटीच्या आत, जाड-बारीक आवाज वेगळे करणाऱ्या जोडणीत, कपॅसिटर नावाचे भाग असतात. त्यांतले काही कालांतराने सुकतात, आणि आवाज मंद होतो.

म्हणजे जे झिजते ते स्वस्त आणि बदलता येण्याजोगे. जे महाग ते टिकाऊ. ह्यातच आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. नव्या कडा मापाप्रमाणे मिळतात, आणि लग्नमंडपाचे, ऑर्केस्ट्राचे स्पीकर दुरुस्त करणारा हाताचा हुशार कारागीर त्या बसवून देतो. कपॅसिटरला फारसे पैसे पडत नाहीत. परंतु त्याच बनावटीचा लहान स्पीकर जळालेला असेल, किंवा भुशाचा दाबलेला तक्ता पाणी पिऊन फुगला असेल, अथवा पेटीत वाळवीने घर केले असेल, तर त्या जोडीला लांबूनच नमस्कार करावा.

तेव्हा घ्यायला जाल तर खिशात तीन वस्तू ठेवा: एक टॉर्च, एक दीड व्होल्टचा सेल तारेच्या दोन तुकड्यांसह, आणि आपल्या पाठीतले एक गाणे. प्रथम जाळी काढायला सांगा. विकणारा जाळी काढू देत नसेल, तर तेथेच उठावे. टॉर्चने दोन्ही पेट्यांतले स्पीकर एकाच बनावटीचे आहेत काय ते पाहा, आणि कडेला बोट हलकेच लावा. मग दोन्ही हातांची बोटे मोठ्या शंकूवर समोरासमोर ठेवून तो अगदी सावकाश आत दाबा. निमूट गेला तर ठीक. खरखर जाणवली तर वेटोळे चुंबकाला घासते आहे असे समजा. सेलच्या तारा पेटीमागच्या खुंट्यांना क्षणभर टेकवा. मोठा शंकू टक्‌ करून पुढे येईल. धन धनाला, ऋण ऋणाला जोडून दोन्ही पेट्यांचे शंकू पुढेच आले पाहिजेत. एक पुढे आणि एक मागे गेला, तर आत कोणीतरी उलटसुलट जोडणी केलेली आहे. शेवटी पेटीवर बोटाच्या गाठीने टकटक करून पाहावे, जसे मडके घेताना आपण करतो.

आता गाण्याविषयी. स्टीरिओची कल्पना इंग्लंडमधल्या ब्लमलाइन ह्यांनी १९३१ साली पेटंटासाठी मांडली, आणि स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५८ साली. त्या आधीचे आपले बहुतेक सारे ध्वनिमुद्रण एकेरी आहे. बालगंधर्वांच्या तबकड्या एकेरी. पुणे आकाशवाणीवरून १९५५ साली गीतरामायण सुरू झाले, तेव्हा घरोघर जो रेडिओ उघडा होता, त्याचा आवाजही एकेरीच होता. त्याचे कवी ग. दि. माडगूळकर १९७३ साली आपल्या यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, हे येथील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असेल.

मग एकेरी गाण्याला जोडी कशाला? असे कोणी विचारील. खरोखरच, ज्याला जुनी नाट्यपदेच ऐकायची आहेत, त्याने एकच चांगली पेटी घेतली तरी त्याचे काही अडत नाही. परंतु जोडी पारखायला एकेरी गाण्यासारखी दुसरी कसोटी नाही. दोन्ही पेट्या सारख्या अंतरावर ठेवा, मध्ये बसा आणि बालगंधर्वांचे एखादे पद लावा. जोडी निर्दोष असेल तर दोन्हीकडून आवाज येत असूनही गाणारा मधल्या मोकळ्या जागेत उभा राहील. तो एका बाजूला सरकला, किंवा सगळीकडे पांगला, तर जोडीत खोट आहे. नागपूरच्या दुकानात आम्ही ढोलांचा दणदणाट ऐकून भुललो. माणसाचा एक आवाज ऐकला असता, तर आठ हजार वाचले असते.

नावांविषयीही थोडे. कोलकात्याची सोनोडाइन, मुंबईची कॉस्मिक, फिलिप्स, ह्या नावांच्या जोड्या आपल्याकडे पुष्कळ घरांतून गेल्या. विलायती नावासाठी दुप्पट दाम मोजण्यापूर्वी त्याचे सुटे भाग येथे मिळतील काय, हे विचारावे. कोणी अल्निको चुंबकाची थोरवी सांगेल. त्यात कोबाल्ट लागते. १९७८ साली झाईरमधल्या लढाईने कोबाल्ट महाग झाले आणि कारखानदार फेराइटकडे वळले. कारण पैशाचे होते, कानाचे नव्हे.

तात्पर्य, जुनी जोडी घ्यावी. परंतु तिच्या किमतीत दुरुस्तीचा खर्च मिळवून ती बेरीज परवडत असेल तर, दुरुस्त करणारा आपल्या आवाक्यात असेल तर, आणि आपल्या ओळखीचा आवाज तिच्यातून ओळखीचाच येत असेल तर. ह्या तिन्हींतले एक जरी नसेल, तर नवी साधी जोडी बरी. पुराणवस्तू म्हणून, भाव वाढेल म्हणून घेऊ नये.

एक शेवटचे. गेल्या वर्षी आमच्याच आळीतल्या एका बाईंनी आम्हाला बोलावले. यजमान वारले होते. जोडी माळ्यावरून उतरवून ठेवली होती. कडा विरलेल्या, बाकी सर्व शाबूत. बाई म्हणाल्या, “भंगारवाला वजनावर नेतो म्हणतो. तुम्ही तेवढेच द्या, पण घेऊन जा. वाजतील ना हो?” खरे सांगायचे तर एक क्षण मन डळमळले. आम्हाला त्या जोडीची किंमत ठाऊक होती आणि त्यांना नव्हती. त्यांच्या अज्ञानावर आम्ही ती नेली असती, तर ती आमची तिसरी चूक ठरली असती, आणि कडा बदलून ती दुरुस्त होण्यासारखी नव्हती. आम्ही त्यांना सर्व सांगितले, कारागिराचा खर्च वजा घालून योग्य किंमत दिली, आणि जोडी वाजती झाल्यावर त्यांना ऐकायला बोलावले. त्या आल्या. पद संपेपर्यंत काही बोलल्या नाहीत.

जुन्या वस्तूच्या बाजारात एक जाणता आणि एक अजाणता असा सामना बहुधा असतो. आज आपण सारे थोडे जाणते होऊन घरी चाललो आहोत. त्या जाणतेपणाचा उपयोग आपण फसू नये म्हणून करावा, तसाच दुसऱ्याला फसवू नये म्हणूनही करावा, एवढी विनंती आहे.