गोळीचे टोक

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सुंदरपेरुमाळ कोयिल येथील मेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून बंदुकीच्या गोळीविषयी बोलणे कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविल्यापासून आपल्या घरांतील मुले नेमबाजीसंबंधी प्रश्न विचारू लागली आहेत. दूर पल्ल्याचे नेमबाज आपली काडतुसे स्वहस्ते भरतात व त्यासाठी गोळीचे टोक मिटविणारा एक साचा, ‘पॉइंटिंग डाय’, वापरतात, हे त्यांनी कोठेतरी वाचलेले असते. या साच्याचे मर्म व मर्यादा सांगण्याचा आम्ही प्रयत्न करणार आहोत.

स्पर्धेच्या गोळीचे तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण बुडाकडून टोकाकडे घडवीत नेतात. त्यामुळे टोकाला बारीक छिद्र उरते. कलकत्त्याजवळील दमदम येथे तयार झालेल्या व शरीरात पसरणाऱ्या गोळीशी याचा संबंध नाही. तसल्या गोळ्या १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात निषिद्ध ठरविल्या. येथील छिद्र हा केवळ घडणीचा अवशेष होय. मात्र त्याची कड प्रत्येक गोळीत सारखी नसते. एखादी बोथट, एखादी वाकडी. बोथट टोकाला हवेचा रोध अधिक होतो. जर्मनांनी १९०५ च्या सुमारास आणि ब्रिटिशांनी १९१० मध्ये गोलसर गोळी सोडून टोकदार गोळी स्वीकारली, ती याच कारणास्तव.

नेमबाज प्रथम गोळ्या लांबीनुसार निवडतो, गरज पडल्यास कड समतल कापतो, आणि मग हातदाबाच्या यंत्राने गोळी बुडाकडून साच्यात ढकलतो. आतील शंकूने छिद्राची कड आत वळते व टोक निमुळते होते. दाब किंचित जास्त झाला, तर टोकामागे फुगवटा येतो आणि गोळी वाया जाते.

एवढ्या खटाटोपाने हवेचा रोध शेकडा काही अंशांनीच घटतो. खरा लाभ वेगळाच आहे. १००० यार्डांवर गोळी दीड सेकंदाच्या आसपास हवेत असते. तेवढ्या अवधीत दोन गोळ्यांच्या रोधात शेकडा एक अंशाचा फरक असला, तरी त्या लक्ष्यावर काही इंच खालीवर पडतात. म्हणून एका गोळीची तीक्ष्णता मोलाची नव्हे. सर्व गोळ्यांचा सारखेपणा मोलाचा. येथून जवळच स्वामिमलै येथे पंचधातूच्या मूर्ती घडविणारे स्थपती नारळाच्या पात्याची घडी घालून अंगप्रमाण ठरवितात. प्रमाणाची निष्ठा हीच तेथील कारागिरीचा पाया आहे. साच्याचेही तत्त्व त्याहून निराळे नाही.

आता मर्यादा. ज्या प्रकारात कुसळे यांनी पदक मिळविले, त्यात पॉइंट बावीसचे काडतूस कारखान्यातून तयारच येते; ते हाताने भरण्याचा प्रश्नच नसतो. तेथे नेमबाज निरनिराळ्या खेपांची काडतुसे स्वतःच्या रायफलीतून पारखून त्यांतील उत्तम खेप निवडतो. शिवाय ५० मीटरांवर हवेच्या रोधातील असा सूक्ष्म फरक जाणवत नाही. ज्याला वाऱ्याचा अंदाज घेता येत नाही, ज्याचा श्वास व बोट एका लयीत नाही, त्याला तर १००० यार्डांवरही साचा तारणार नाही.

पालकांस आणखी एक सांगणे आवश्यक आहे. आपल्या देशात दारूगोळा तयार करणे १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवान्याचे काम आहे. हौसेपोटी घरात दारू व काडतुसांचा उद्योग मांडणे बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारेही. शासकीय सेवेत आयुष्य काढलेल्या आमच्यासारख्यांना नियम म्हणजे अडसर असे ऐकावे लागते. येथे मात्र तो मुलांच्या हातांचे आणि डोळ्यांचे रक्षण करणारा आहे.

मुलगा उपकरण मागू लागला, तर त्यास प्रथम मान्यताप्राप्त रायफल क्लबात पाठवावे, शिक्षकाच्या नजरेखाली वर्षभर सराव करू द्यावा. उपकरणाची खरी गरज कोणती, हे त्यास मग आपोआप कळेल. गोळ्या सारख्या करणारा साचा बाजारात मिळतो. नेम सारखा करणारा साचा रोजच्या सरावातच घडवावा लागतो.