रामलिंगचा वाघ आणि टपरीवरचं विज्ञान

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला शाळेच्या आठवणी सांगायला उभं केलं आहे. पण छड्या, सहली आणि सहामाहीचे निकाल माझ्या आधीच्या वक्त्यांनी संपवले. तेव्हा मी वाघाबद्दल बोलतो. पुण्या-मुंबईहून आलेल्या प्रत्येकानं कालपासून पहिला प्रश्न तोच विचारला आहे, "खरंच वाघ आला का रे आपल्याकडं?"

आला. डिसेंबर २०२४ मध्ये रामलिंग अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात तो दिसला. आपण वनभोजनाला जायचो तेव्हा तिथं भीती फक्त माकडांची. डबा उघडला की गेलाच! वाघाचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे असतात, दोघांचे सारखे नसतात. जुन्या फोटोंशी ते जुळवल्यावर कळलं की हा यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा तरुण नर आहे. साडेचारशे किलोमीटरहून जास्त चालून, शेतं, रेल्वे आणि महामार्ग ओलांडून तो आला.

टपरीवर मात्र वेगळंच ऐकायला मिळतं. "रात्री गाडीतून आणून सोडलाय." पट्ट्यांचं सांगावं तर "फोटो काय, कुठलाही दाखवतील" हे उत्तर तयार. याच टिपेश्वरचा एक नर २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन, वळसे धरून सुमारे ३,००० किलोमीटर चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. २०२१ मध्ये दुसरा एक छत्रपती संभाजीनगरच्या बाजूला गौताळ्यात दिसला. टिपेश्वर जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. थोरला नर धाकट्याला टिकू देत नाही, मग धाकटा मुलूख शोधत निघतो. आपल्या पोरांनी हिंजवडी गाठली, त्यानं येडशी गाठली, एवढाच फरक.

पण आपलं अभयारण्य साधारण २२ चौरस किलोमीटरचं. एका नराला तेवढं पुरत नाही, म्हणून तो बार्शीकडच्या शिवारातही फिरतो, आणि जनावरं मारतो. त्यावर पुढाऱ्यांचं, पक्ष कुठलाही असो, एकच म्हणणं : पकडा आणि दुसरीकडं सोडा. भाषणात हे छान वाटतं. जुन्नरला नेमकं हेच करून झालं आहे. २००१ ते २००३ मध्ये शंभरावर बिबटे पकडून लांबच्या जंगलांत सोडले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तर आधी वर्षाला सरासरी ४ असलेले माणसांवरचे हल्ले १७ वर गेलेले दिसले. तरी आजही हल्ला झाला की पहिली घोषणा पिंजऱ्याचीच. गेल्या डिसेंबरात तर वनमंत्र्यांनी बिबट्यांसाठी जंगलात एक कोटीच्या शेळ्या सोडायचं बोलून दाखवलं. शेळीला राखण कोण बसणार, हे आपल्या गावातलं शेंबडं पोरही विचारेल.

आता दुसरी बाजू. बिबट्याचा नियम वाघाला जसाच्या तसा लागू होत नाही. याला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडायचं ठरलं होतं, आणि ते अगदीच वेडगळ नव्हतं. इथं त्याला जोडीदारीण नाही. सह्याद्रीत वाघांची गरजच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाची एक वाघीण तिकडं नेलीसुद्धा. उलट बाजूचे जाणकार म्हणतात, जो स्वतःच्या पायांनी आला त्याला स्वतःच्या पायांनी जाऊ द्या. पथकं महिनोन्महिने फिरली, पण हा काही हाती लागला नाही.

शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, मग आमचं मत का नको, असं कुणी म्हणेल. गिधाडं आठवा. मेलेल्या जनावरावर तुटून पडायची आणि बघता बघता दिसेनाशी झाली. सुरुवातीला तज्ज्ञांनाही साथीच्या रोगाचा संशय होता. २००४ मध्ये खरं कारण सापडलं : जनावरांना दुखण्यावर द्यायचे ते डायक्लोफिनॅक. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. त्यांच्यातही वाद होता, पण तो मेलेली गिधाडं तपासून मिटवला. टपरीवरचा वाद काय तपासून मिटवायचा? गिधाडं गेली तेव्हा मात्र कुणी मोर्चा काढला नाही, हेही खरं.

माझं मत विचाराल तर त्याला राहू द्यावं, आणि ज्याचं जनावर गेलं त्याचा पंचनामा त्याच दिवशी होऊन पैसे त्याच महिन्यात मिळावेत. हे मी वर्गातल्या एका मित्राला सांगितलं. त्याची कालवड गेली आहे. तो म्हणाला, "तुझी म्हैस नाही त्या शिवारात, म्हणून सुचतंय तुला." त्यानं गोठ्याला पत्रे ठोकलेत, दिवस मावळायच्या आत तो घरी येतो, आणि ज्वारीला रात्रीचं पाणी द्यायचं त्यानं बंद केलं आहे, कारण वीज रात्रीचीच असते. पंचनाम्यानं कालवडीचे पैसे येतील. त्या न भिजलेल्या ज्वारीचे कोण देणार, ह्याला माझ्याकडं उत्तर नाही.

तो मागच्या रांगेत बसला आहे, शाळेत बसायचा तसाच. जेवताना त्याला गाठा आणि त्याची बाजू त्याच्याच तोंडून ऐका.