सस्पेन्शन बदलल्यावर येणारा आवाज

उंची कमी-जास्त करता येणाऱ्या सस्पेन्शनमध्ये शॉक अब्सॉर्बरवर आटे असतात. त्यांवरची रिंग फिरवली की स्प्रिंगची बैठक सरकते आणि गाडी वर-खाली होते. भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या रस्त्यांवर गाडी फार खाली घेणं चुकीचंच. पावसाळ्यात तळ घासतो, आट्यांत चिखल बसून रिंग जाम होते.

बसवताना दोन्ही बाजूंची उंची सारखी ठेवावी. रबरी बुशचे बोल्ट मात्र चाकं जमिनीवर टेकल्यावरच पूर्ण आवळावेत. गाडी जॅकवर असताना आवळले तर बुश पिळलेलं राहतं, करकरतं आणि लवकर फाटतं.

बारीक खड्ड्यात टकटक झाली, तर आधी वरचा नट आणि स्टॅबिलायझर लिंक तपासावी. उभ्या गाडीचं स्टिअरिंग वळवताना ‘टण्ण’ वाजलं, तर वरच्या बेअरिंगपाशी स्प्रिंग अडकून सुटत असते. चाक लोंबतं ठेवल्यावर स्प्रिंग हाताने हलली, तर ती सैल आहे.

उंची बदलली की व्हील अलाइनमेंट करावंच लागतं. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 मध्ये वाहनातल्या फेरफारांवर बंधनं आहेत. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत चौकशी करावी.